कमरेची कट्यार

शस्त्र आणि अलंकार ह्या दोन वस्तु सकृद्दर्शनीं परस्परांहून अगदीं निराळ्या वाटतात. एकीचें काम मारण्याचें, दुसरीचें शोभा देण्याचें. परंतु पुष्कळ समाजांत एखादें शस्त्र असें आढळतें कीं, तें ह्या दोहोंच्या सीमेवर उभें असतें. लढाई संपली म्हणजे भाला कोपऱ्यांत ठेवला जातो, ढाल-तरवार खुंटीवर जाते. पण कमरेला खोंवलेलें आंखूड हत्यार धन्याबरोबर दरबारांत जातें, देवळांत जातें, लग्नमंडपांतही जातें. अंगावरच्या वस्त्राप्रमाणें तें माणसाच्या ओळखीचा भाग होऊन बसतें. येमेनी अरबांचा जंबिया, मलायी व जावानी लोकांची क्रिस आणि महाराष्ट्राची कट्यार हीं तिन्ही शस्त्रें ह्याच जातीचीं आहेत. एकाच महासागराच्या काठच्या ह्या समाजांनीं कमरेच्या हत्यारावर जो अर्थ चढविला तो ताडून पाहिला असतां आपल्या इतिहासांतील कांहीं गोष्टींवर चांगला प्रकाश पडतो.

जालना जिल्ह्यांत परतूर तालुक्यांत आष्टी नांवाचें गांव आहे. मराठवाड्यांतील इतर गांवांप्रमाणें तेथेंही लग्नांत नवरदेवाच्या हातीं कट्यार देण्याची आणि तिच्या टोंकाला लिंबू टोंचण्याची चाल आहे. नवरदेव नांगर धरणारा असो, शाळेंत शिकविणारा असो, कीं मुंबई-पुण्यास नोकरीवर असो, हळद लागल्यावर कट्यार त्याच्या हातीं येते आणि ती त्यानें सहसा हातावेगळी करावयाची नसते. दृष्ट लागूं नये, बाहेरची बाधा होऊं नये, असा ह्या चालीचा अर्थ वडीलमाणसें सांगतात. त्या दिवसापुरता नवरदेव राजा असतो, आणि राजा निःशस्त्र कसा असेल, असाही एक अर्थ सांगितला जातो. ह्या कट्यारीला बहुधा धार नसते. कोणाला ती लागावी अशी अपेक्षाही नसते. एके काळीं चिलखत फोडणारें हें हत्यार लिंबाचा भार वाहूं लागलें, हा प्रवास कसा घडला?

कट्यारीची घडण इतर खंजिरांहून वेगळी आहे. खंजिराची मूठ पात्याच्या रेषेंत असते. कट्यारीला दोन उभ्या दांड्या असतात आणि त्यांच्यामध्यें मूठ आडवी बसविलेली असते. ती आवळली म्हणजे दांड्या मनगटाच्या दोन्ही बाजूंस येतात आणि पातें पंजापुढें सरळ उभें राहतें. म्हणून कट्यारीचा वार नुसत्या मनगटाचा नसून सगळ्या बाहूचा, किंबहुना सगळ्या देहाचा असतो. ठोसा मारावा तशी ती चालते. पुष्कळ कट्यारींचें टोंक मुद्दाम जाड ठेविलेलें असतें. चिलखताच्या कड्या फोडून तें आंत शिरावें आणि शिरतांना मोडूं नये, हा त्यांतील हेतु. शत्रु हाताशीं आल्यावांचून हिचा उपयोग नाहीं. आणि इतक्या जवळ माणूस येतो तो बहुधा भेटीला, आलिंगनाला किंवा अखेरच्या झटापटीला. विश्वास आणि विश्वासघात ह्या दोहोंशीं कट्यारीचें नांव जोडलें गेलें तें ह्यामुळेंच.

जुन्या बखरींत ह्या हत्याराला जमदाड असेंही म्हटलेलें आढळतें. यमाची दाढ, असा त्याचा अर्थ सांगतात. अकबराच्या दरबारीं अबुल फजलनें लिहिलेल्या ‘ऐने-अकबरी’च्या शस्त्रांच्या यादींत जमधर हें नांव आहे. दक्षिणेंत विजयनगरच्या काळापासून कट्यारीचा मोठा प्रसार होता. पुढें तंजावरास भोसल्यांचें राज्य झालें आणि तेथील शस्त्रागारांत अशा कट्यारींचा मोठा संग्रह राहिला. त्यांतील पुष्कळ कट्यारींना हाताचें रक्षण करणारा फडीसारखा लोखंडी पडदा आहे आणि त्यावर यळी कोरलेले आहेत. विशेष हें कीं, कित्येकींचीं पातीं मूळचीं युरोपीय तरवारींचीं आहेत. समुद्रमार्गे आलेल्या फिरंगी तरवारींचीं पातीं तोडून देशी कारागिरांनीं त्यांना आपली मूठ बसविली. १८५५ सालीं तंजावरचें राज्य खालसा झालें. त्यानंतर तें शस्त्रागार मोडण्यांत आलें आणि त्यांतील कट्यारी युरोप-अमेरिकेच्या वस्तुसंग्रहालयांत जाऊन पडल्या.

पोलादाच्या बाबतींत मात्र आपल्याला फिरंग्यांकडे पाहण्याची गरज नव्हती. तेलंगणांत निजामाबादकडे कोनासमुद्रम् नांवाचें एक गांव आहे. तेथें लोखंड मुशींत बंद करून, दीर्घ काळ तापवून आणि सावकाश निववून पोलादाच्या वड्या तयार करीत. त्या विकत घेण्यासाठीं इराणचे व्यापारी तेथवर येत असत. ह्या पोलादाच्या पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी जी नक्षी उमटते तिला जौहर म्हणतात. ती कोणी काढलेली नसते. धातु निवतांना ती त्याच्या पोटांतच तयार होते, आणि पातें घडवून त्यावर आम्लाचा हात फिरविला म्हणजे दिसूं लागते. पात्याची पारख धारेवरून करावी तशी जौहरावरूनही करीत. ही धार आणि ही झळाळी राखण्याचें काम शिकलगारांचें असे.

आतां मलायी क्रिसेकडे वळावें. जावा, सुमात्रा, बाली आणि मलाया ह्या भागांतील हें शस्त्र. कांहीं क्रिसा सरळ असतात. पण तिची जगांत प्रसिद्ध झालेली मूर्ति म्हणजे सर्पासारखें वळणें घेत जाणारें पातें. ह्या वळणांना ‘लुक’ म्हणतात आणि त्यांची संख्या नेहमीं विषम असते. पात्यावर नक्षी येथेंही असते; तिला ‘पामोर’ म्हणतात. परंतु ती जौहराप्रमाणें मुशींत उपजत नाहीं. लोहार साध्या लोखंडाच्या आणि निकेलयुक्त लोखंडाच्या पट्ट्या एकावर एक रचून, तापवून, ठोकून, दुमडून ती घडवितो. आकाशांतून पडलेल्या उल्केचें लोखंडही ह्यासाठीं वापरलें गेलें आहे. क्रिस घडविणाऱ्यास ‘एम्पू’ म्हणतात, आणि त्याचा मान साध्या लोहाराचा नसून जवळजवळ पुरोहिताचा असतो.

ह्या समजुतीचा दाखला मध्य जावांत लावू पर्वताच्या उतारावरील सुकुह नांवाच्या मंदिरांत दगडांत कोरलेला आहे. मंदिर पंधराव्या शतकांतील. तेथील एका शिल्पांत लोहाराचा कारखाना दाखविला आहे. एका बाजूस भीम क्रिस घडवीत बसला आहे, दुसऱ्या बाजूस अर्जुन भाता चालवीत आहे, आणि मध्यभागीं गणपति नाचत आहे. महाराष्ट्रांतील वाचकाला ह्या तिघांची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. महाभारत ज्या लोकांनीं आपलेसें केलें त्यांनीं आपलें सर्वांत प्रिय हत्यारही पांडवांच्या हातून घडवून घेतलें, ही गोष्ट त्या हत्याराच्या प्रतिष्ठेविषयीं पुष्कळ सांगते.

प्रतिष्ठेबरोबर भयही आलें. जावाच्या जुन्या इतिवृत्तांत केन आरोक नांवाच्या पुरुषाची कथा आहे. त्यानें गांद्रिंग नांवाच्या एम्पूला क्रिस घडविण्यास सांगितलें. काम पुरें होण्यापूर्वींच तो ती मागण्यास आला आणि ती अपुरी पाहून संतापाच्या भरांत त्यानें त्याच क्रिसेनें एम्पूला भोंसकलें. मरतां मरतां एम्पूनें शाप दिला कीं, ही क्रिस तुझा आणि तुझ्या वंशजांचा घात करील. केन आरोकनें पुढें १२२२ सालीं सिंहसारीचें राज्य स्थापिलें. पण कथेप्रमाणें तो त्याच पात्यानें मारला गेला. कथेंतील शाप खरा मानावा कीं नाहीं हा प्रश्न निराळा. शस्त्र घाईनें आणि अधर्मानें हातीं घेतलें तर तें धन्यालाच खातें, ही शिकवण मात्र त्या समाजानें ह्या कथेच्या रूपानें जतन केली.

क्रिसेचा सर्वांत विलक्षण उपयोग लग्नांतला आहे. जावा-बालीकडे उच्च कुळांतील वर लग्नास स्वतः न जातां आपली क्रिस पाठवीत असे आणि वधूचें लग्न त्या क्रिसेशीं लागत असे. ही चाल ऐकून कोणाला परकी वाटेल. पण भोसल्यांच्या तंजावरांत अगदीं हीच गोष्ट होती. तेथील राजे कांहीं स्त्रियांशीं खांडालग्न करीत. विवाहास राजा स्वतः न बसतां त्याचें शस्त्र ठेवलें जाई. अशा राण्यांचा दर्जा विधिपूर्वक लग्न झालेल्या राण्यांहून खालचा समजला जाई. त्यांच्या संततीच्या हक्काचा वाद राज्य गेल्यावर कित्येक वर्षें धुमसत राहिला, आणि मद्रासच्या उच्च न्यायालयाला एका निकालांत ह्या शस्त्रविवाहाचा कायद्याच्या दृष्टीनें विचार करावा लागला.

येथें प्रतीकाची दुसरी बाजू दिसते. शस्त्र धन्याच्या जागीं उभें राहूं शकतें, म्हणून त्याचा गौरव. परंतु जिच्यासमोर पुरुषाऐवजीं लोखंड ठेविलें गेलें त्या स्त्रीला त्या गौरवाचा वांटा किती मिळाला? शस्त्र पाठविणारा तिला आपलें नांव देत होता आणि त्याच वेळीं तिच्याशेजारीं बसण्याचें नाकारीत होता. जावाची क्रिस काय आणि तंजावरचा खांडा काय, मान आणि अवमान दोन्ही एकाच म्यानांत होते. शस्त्रांच्या परंपरेचें कौतुक करतांना ही बाजू झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं.

लग्नाप्रमाणें राजकारणांतही कमरेचें शस्त्र धन्याच्या अधिकाराचें रूप घेतें. मलेशियाच्या राजाच्या राज्यारोहणांत तो राजक्रिस म्यानांतून काढून तिचें चुंबन घेतो. मराठी राज्यांत ह्याच्या तोडीची वस्तु म्हणजे शिक्के-कट्यार. छत्रपतींनीं एखाद्याला मोठ्या पदावर नेमिलें म्हणजे त्यास वस्त्रें आणि शिक्के-कट्यार मिळत. शिक्का कागदावर उमटतो, कट्यार कमरेला राहते. एकानें हुकूम खरा ठरतो, दुसरीनें तो पाळला जातो. लेखणीची सत्ता आणि दंडाची सत्ता अशा दोन्ही एकाच वेळीं हातीं देण्याची ही रीत मोठी अर्थपूर्ण आहे. शाहूछत्रपतींनीं १७१३ सालीं बाळाजी विश्वनाथास पेशवेपद दिलें. त्याच्या मृत्यूनंतर १७२० च्या एप्रिलमध्यें कऱ्हाडजवळ मसूर येथें तें त्याच्या मुलाला, अवघ्या एकोणीस वर्षांच्या पहिल्या बाजीरावाला, मिळालें.

ह्या रीतीचें खरें सामर्थ्य १७७४ सालीं दिसून आलें. आदल्या वर्षीं नारायणरावाचा खून झालेला होता. त्याची पत्नी गंगाबाई पुरंदरावर प्रसूत होऊन १८ एप्रिल रोजीं सवाई माधवरावाचा जन्म झाला, आणि बारभाईंनीं चाळीस दिवसांच्या त्या तान्ह्या मुलाला साताऱ्याहून पेशवाईचीं वस्त्रें आणविलीं. ज्याला मूठ आवळतां येत नव्हती त्याच्या नांवें राज्याची कट्यार झाली. हातांत बळ होतें तें राघोबादादाच्या. परंतु पदाची खूण पाळण्यांत पडून असलेल्या मुलाकडे होती, आणि कारभारी त्या खुणेच्या बाजूस उभे राहिले. शस्त्र हें बळाचें साधन न राहतां न्याय्य अधिकाराचें चिन्ह झाल्याचा ह्याहून बोलका दाखला मराठ्यांच्या इतिहासांत सांपडणें कठीण.

हें राजकीय महत्त्व १८१८ सालीं संपलें. त्या वर्षाच्या फेब्रुवारींत सोलापूरकडील आष्टी येथें पेशव्यांचे सेनापति बापू गोखले लढतां लढतां पडले आणि साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह इंग्रजांच्या हातीं आले. जालना जिल्ह्यांतील आष्टीशीं ह्या आष्टीचें केवळ नांवाचें साम्य. पण एकाच नांवाच्या ह्या दोन गांवांत कट्यारीच्या इतिहासाचीं दोन टोंकें सांपडतात. एके ठिकाणीं तिची राजसत्ता मावळली, दुसऱ्या ठिकाणीं तिचें लौकिक रूप अद्याप नांदत आहे. पुढें १८७८ च्या कायद्यानें ब्रिटिश मुलुखांत परवान्यावांचून शस्त्र बाळगण्यास बंदी झाली. निजामाच्या राज्याची तऱ्हा वेगळी होती. तेथील अरब शिपायांच्या कमरेला जंबिये त्यानंतरही दिसत असत. पण एकंदरींत हत्याराचें हत्यारपण गेलें आणि तें देव्हाऱ्यांत, लग्नांत आणि खेळांत जाऊन राहिलें. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा होते, आणि ज्यांच्या घरीं शस्त्र नाहीं ते विळा, कोयता व आपल्या धंद्याचीं अवजारें पुजतात. कोल्हापूरकडील मर्दानी खेळांत पट्टा, बिचवा आणि कट्यार अजून हातीं धरतात. १९६७ सालीं पुरुषोत्तम दारव्हेकरांचें ‘कट्यार काळजात घुसली’ हें नाटक रंगभूमीवर आलें. त्यांत राजगायकाच्या पदाबरोबर कट्यार मिळते आणि तिच्यामुळें त्याला एक खून माफ असतो. कथा कल्पित असली तरी शिक्के-कट्यारीची कल्पना मराठी प्रेक्षकाला नवी नव्हती.

ह्या सर्व शस्त्रांत जें एक नांव मराठी मनाला सर्वांत जवळचें आहे तें मात्र कट्यारीचें नाहीं. तें वाघनखाचें. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं शिवाजीमहाराज आणि विजापूरचा सरदार अफझलखान ह्यांची भेट झाली. सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या सभासदाच्या बखरींत ह्या भेटीचें वर्णन आहे. त्याप्रमाणें खानानें महाराजांची मान काखेंत दाबून जमदाड चालविली. ती चिलखतावरून खरखरत गेली. मग महाराजांनीं डाव्या हातचें वाघनख आणि उजव्या हातचा बिचवा ह्यांनीं वार केला. म्हणजे बखरीप्रमाणें त्या दिवशीं कट्यार खानाच्या हातीं होती. महाराजांच्या हयातींत रचलेल्या कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’ंत मात्र वाघनख नाहीं. तेथें महाराज कृपाण चालवितात. हें काव्य तंजावरच्या ग्रंथसंग्रहांतून मिळालें आणि सदाशिव महादेव दिवेकरांनीं १९२७ सालीं तें प्रसिद्ध केलें. पहिला वार खानाचा, ह्याविषयीं मात्र दोन्ही ग्रंथांचें एकमत आहे. ग्रँट डफनें १८२६ च्या आपल्या इतिहासांत दोष महाराजांकडे दिला. पण पुढें सर जदुनाथ सरकारांनीं साधनें तपासून पहिला वार खानाचाच होता असा निर्णय दिला.

हाच ग्रँट डफ १८१८ पासून १८२२ पर्यंत साताऱ्यास कंपनीचा अधिकारी होता. तो जें एक वाघनख विलायतेस घेऊन गेला तें लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट वस्तुसंग्रहालयांत आहे म्हणून प्रसिद्ध झालें. २०२४ च्या जुलै महिन्यांत तें तीन वर्षांच्या करारानें महाराष्ट्रांत आणण्यांत आलें आणि प्रथम साताऱ्याच्या संग्रहालयांत लोकांस दाखविण्यांत आलें. पोलादी पट्टीला चार वांकडीं नखें आणि बोटांत घालावयाच्या दोन अंगठ्या, एवढीच ती वस्तु. तिच्या पेटीवर इंग्रजींत मजकूर आहे: ज्यानें शिवाजीनें मोगल सेनापतीस मारलें तें हें वाघनख, आणि तें ग्रँट डफला पेशव्यांच्या मुख्य प्रधानानें दिलें. अफझलखान मोगलांचा नव्हता, आदिलशाहीचा होता. आणि १८१८ च्या जूनमध्यें दुसरे बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन होऊन पुढें उत्तरेस ब्रह्मावर्तास गेले. मग साताऱ्यास हा प्रधान कोठून आला, हा प्रश्न उरतोच. खुद्द त्या संग्रहालयानेंही हेंच तें शस्त्र असें खात्रीनें सांगतां येत नाहीं, असें स्पष्ट केलें आहे.

ह्यावरून दोन पक्ष पडले. एक म्हणतो, पुराव्यावांचून गौरव कशाला? दुसरा म्हणतो, गौरवाला पुरावा कशाला? विचार केला तर दोन्ही प्रश्न एकमेकांच्या हद्दींत शिरलेले दिसतात. अमुक पोलाद अमुक दिवशीं अमुक हातांत होतें कीं नव्हतें, हा साधनांचा प्रश्न आहे, आणि त्याचें उत्तर श्रद्धेनें देतां येत नाहीं. प्रतापगडच्या प्रसंगाचें मोल मात्र त्या पोलादावर अवलंबून नाहीं. उद्यां ती वस्तु निराळ्याच कोणाची ठरली, तरी बलाढ्य सरदारासमोर सावधपणें उभा राहिलेला पुरुष खोटा ठरत नाहीं. सवाई माधवरावाच्या पाळण्याशीं उभे राहिलेल्या कारभाऱ्यांनीं कट्यारीच्या धारेची परीक्षा केली नव्हती. ती खूण ज्याची त्याला राखावयाची एवढेंच त्यांनीं पाहिलें.

परंतु त्या पेटीवरच्या मजकुरापासून घेण्यासारखा धडा ह्याहूनही साधा आहे. ज्यांना माहिती होती त्यांनीं ती वेळीं लिहून ठेविली नाहीं, आणि ज्यांनीं लिहिली त्यांना मोगल आणि आदिलशाही ह्यांतला भेद ठाऊक नव्हता. जावाकडे क्रिसेबरोबर तिची कुळकथाही वारशानें सांगितली जाते. संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को संस्थेनें २००५ सालीं इंडोनेशियाच्या क्रिसेला मानवजातीच्या अमूर्त वारशाचा मान दिला, तो ह्या सगळ्या परंपरेला दिला. केवळ पात्याला नव्हे. महाराष्ट्रांतही जुन्या घराण्यांच्या देव्हाऱ्यांत, माळ्यावर, पेट्यांच्या तळाशीं कट्यारी, बिचवे आणि खंजीर अजून पडून आहेत. त्यांना तेल लावणारीं माणसें आहेत; ते कोणाचे, कोठून आले, कोणत्या पिढींत घरांत शिरले, हें ठाऊक असणारीं माणसें मात्र एकेक करून जात आहेत. अशा प्रत्येक शस्त्राशेजारीं एक कागद असावा. त्यावर जेवढें निश्चित ठाऊक आहे तेवढें लिहावें, नुसतें ऐकीव असेल तें ऐकीव म्हणून लिहावें, आणि खालीं तारीख घालावी. लोखंडाला तेल पाहिजे तसें आठवणीला अक्षर पाहिजे.